एकवीस हसरे चेहरे

“सिस्टर, स्पष्ट सांगा ना... तुमचा विश्वास पोर्टलवर नाहीये, की माझ्यावर?”

घोडके सिस्टर औषधांची ट्रॉली पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

मनोरुग्णालयातला बायकांचा वॉर्ड. तिथलं पोर्टल मी बनवलंय. अख्खं, एकटीने! पेशंटने रोज सकाळी टॅब हातात घ्यायचा, ‘आज कसं वाटतंय?’ खालच्या पाच चेहऱ्यांतला एक दाबायचा. संपलं. वाचता न येणारीलाही जमतं! मग नर्सने ‘सहमत’ दाबायचं.

पण कुमुदिनीताई नावाच्या पेशंटपुढे तीस वर्षं वॉर्डात नोकरी केलेल्या सिस्टर ते दाबेचनात. आणि ते दाबल्याशिवाय डॉक्टर घरी सोडायच्या कागदावर सही करणार नव्हते. ताईंना न्यायला आलेला भाऊ सकाळपासून बाहेर बाकावर बसलेला.

मला तर संशयच आला. यांना मुळात कॉम्प्युटरच नकोय.

“हे बघा.” मी टॅब पुढे केला. “एकवीस दिवस, एकवीस हसरे चेहरे. एकही दिवस चुकला नाही!”

“तेच तर.”

“तेच तर म्हणजे?”

सिस्टरांनी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून फणी काढली.

“ही रोज तिला देते, तेलाच्या वाटीबरोबर. रोज तशीच परत येते. कोरडी.”

मी खिडकीपाशी बघितलं. कुमुदिनीताईंच्या केसांच्या नुसत्या जटा झालेल्या. आमची नजर गेली तशा त्या हसल्या. लगेच.

“मग फणीचा रकाना टाकू का? दहा मिनिटांचं काम!”

“टाक की. उद्यापासून सगळ्यांचे केस विंचरलेले दिसतील... त्या टॅबवर.”

मी तरी टॅब त्यांच्यापुढेच धरून ठेवला.

“बरं, आधी तू भर,” सिस्टर म्हणाल्या. “तुझंच आहे ना?”

आणि उभ्या राहिल्या समोर. कमरेला वॉर्डच्या किल्ल्या, नजर माझ्या बोटावर.

आज कसं वाटतंय?

खरं सांगू? दुपारी आमचे साहेब हाच वॉर्ड बघायला येणार होते, आणि त्यांना पटलं नाही तर माझं काम जाणार होतं. दोन दिवस धड जेवलेही नव्हते.

दाबला. हसरा.

“खरं?”

“अहो, तुम्ही अशा समोर उभ्या होतात ना, मग...”

मी टॅब खाली ठेवला.

...

सिस्टर बाहेर बाकापाशी गेल्या. “आज नाही, दादा. थोडं थांबू या.”

परत आल्या, आणि फणी माझ्या हातात ठेवली. मग तेलाची वाटी.

“मी?”

“मग कोण?”

“पण... विचारू काय त्यांना?”

“काही नको विचारू. मागे बस आणि विंचर.”

“अहो, पण मागे बसल्यावर मला त्यांचा चेहरा कसा दिसणार?”

“तिलाही तुझा दिसणार नाही.”