तांबट आळीतली दुपारची हाक

थांबा, पुढे जाऊ नका. चहा सांगितला आहे, तो घ्या आणि या पायरीवर जरा टेका. सकाळपासून बाजार तुडवून तुमच्या पायांची काय गत झाली आहे ती दिसतेच आहे. अत्तरवाल्याने मनगटे रंगवून पाठवले, ताईंनी मिरची गल्लीत मनसोक्त शिंकून घेतले, आणि या काकांनी जुन्या बाजारात किल्ली नसलेले कुलूप विकत घेतले. हसत नाही मी, घेतले ते घेतले. पण आमची तांबट आळी बघायची ती याच वेळी. आत्ता कानठळ्या बसताहेत ना? ऊन डोक्यावर आले की हा ठणठणाट एकदम बंद पडतो. जेवणाची सुट्टी नव्हे, जेवायला आम्ही नंतर बसतो. हातोडे खाली ठेवले जातात, एकजण एक नाव पुकारतो आणि सगळे कान देऊन बसतात. हे काय म्हणून प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि सांगायचे माझ्यावर येते, कारण बाकीचे पदरचे फार घालतात.

गोष्ट फार मागची. किती मागची ते विचारू नका, माझ्या आजोबांनाही ती ऐकूनच ठाऊक होती. त्या वेळी आळीत सर्वांत वडीलधारा होता धोंडशेट तांबट. जन्मभर तांबे ठोकून त्याचे कान पार गेले होते. आमच्या धंद्यात त्याचे नवल नाही, पण धोंडशेटच्या कानाशी शंख फुंकला तरी म्हणे त्याला पत्ता लागत नसे. ठोका मात्र त्याचाच. त्याचा हातोडा चालला की त्या तालावर सगळी आळी चाले, आणि तो थांबला की सगळे थांबत.

त्याला एक नात होती, आवडी. आईबाप गेलेली, आजोबाच्या मांडीवर वाढलेली. तिला ताप भरला आणि वैद्याने हात टेकले, तेव्हा धोंडशेट कालिकादेवीला नवस बोलला. उत्सवाचे मोठे घंगाळ एका दिवसात घडवीन, उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ठोका तुटू देणार नाही, माझी पोर तेवढी राहू दे. आळी त्याच्या पाठीशी उभी राहिली. पहाट फुटताच हातोडे सुरू झाले. बाकीचे पाळीपाळीने उठत, पाणी पिऊन येत. धोंडशेट जागचा हलला नाही.

तो नेमका बाजाराचा दिवस होता. कोंडाबाई नावाची एक बाई लिंबे घेऊन खेड्यातून आली होती. तिचे नुकते चालू लागलेले लेकरू गिऱ्हाइकांच्या गर्दीत पाटीजवळून नाहीसे झाले. बिचारीने कासारांची दुकाने पाहिली, फुलवाल्यांचे ओटे पाहिले, धान्याच्या गोण्यांमागे पाहिले. कोणीतरी म्हणाले, चकाकणारी भांडी बघत तांबट आळीत शिरताना दिसले होते. ती इथे धावत आली आणि हाका मारू लागली. पण या गदारोळात तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना, लेकराचा कुठून येणार?

"दादा, जरा थांबा हो!" ती एकेका दुकानापुढे हात जोडत होती. "माझं लेकरू रडत असंल कुठंतरी. मला ऐकू येईना!"

तिचे म्हणणे सगळ्यांना कळले आणि सगळ्यांनी धोंडशेटकडे पाहिले. ही माणसे दुष्ट नव्हती, एवढे ध्यानात ठेवा. ठोका तुटला तर आवडी जाईल, असे त्यांना अगदी मनापासून वाटत होते.

शेवटी कोंडाबाई धोंडशेटपुढे गेली. ती ओरडत होती, आणि त्याला नुसते ओठ हलताना दिसत होते. मग तिने ऐरणीवरच्या तांब्यावर, बरोबर हातोड्याखाली, आपला पंजा पसरून ठेवला.

हातोडा वर गेलेला होता. धोंडशेटने त्या हाताकडे पाहिले, मग बाईच्या तोंडाकडे पाहिले, आणि हातोडा बाजूला ठेवला. सगळी आळी थांबली.

तेव्हा कुठे ते रडणे ऐकू आले, घुसमटलेले, अगदी शेजारून. आमच्याकडे विक्रीचे हंडे उपडे घालून एकावर एक रचतात. लेकरू आडव्या हंड्यात शिरून बसले होते, आणि कोणीतरी आत न डोकावता तो उपडा घालून वर बाकीचे रचले होते. उतरंड उतरवली तेव्हा ते काळेनिळे पडले होते, पण जिवंत होते.

आणि दिवे लागायच्या आत आवडी गेली.

पलीकडच्या गल्लीत सांगतात की देवी प्रसन्न झाली आणि नातही वाचली. त्यांना सगळे गोड करून लागते. तसे झाले नाही. आवडी गेली.

कोंडाबाईने येऊन धोंडशेटच्या पायांवर डोके ठेवले. बहिरी माणसे बोलतात तसा तो मोठ्याने म्हणाला, "ऊठ बाई. तुझा हात दिसत असताना मी घाव घातला असता, तर देवीपुढं कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो?"

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आले तशी त्याने हातोडा ठेवला आणि हाक मारली, "आवडेऽ!" लोकांना वाटले, दुःखाने म्हाताऱ्याचे डोके फिरले. हाक मारून त्याने शेजाऱ्याकडे पाहिले. उत्तर आले का, हे त्याला दुसऱ्यालाच विचारावे लागत होते. शेजाऱ्याने घाईघाईने नकाराची मान हलवली.

धोंडशेट म्हणाला, "अरे, ऐक तरी. ऐकून सांग."

त्या शेजाऱ्याला म्हणे एवढी लाज वाटली की तो डोळे मिटून, श्वास रोखून ऐकत राहिला. मग सगळी आळीच ऐकू लागली. धोंडशेट जिवंत होता तोवर रोज दुपारी तो हाक मारी, आळी ऐके, आणि मग माना हलत.

आजही ही हाक चुकत नाही. आता आळीतला वडीलधारा मी, म्हणून ती मी मारतो. उत्तर आजवर आलेले नाही, आणि येणार नाही हे आम्हाला कळत नाही असे नाही. तरी न ऐकता मान हलवायची नाही, एवढे आम्ही पाळतो.