बियाण्यापुरत्या गोचिडी

ओढ्याकाठच्या एका रानात, जुन्या पळसाच्या ढोलीत, एक साळुंकी आपल्या बिऱ्हाडासह राहत असे. बिऱ्हाड म्हणजे ती, तिचे यजमान आणि नुकतीच अंड्यांतून बाहेर आलेली तीन पिल्लं. पिल्लं कसली, तीन उघडी तोंडंच म्हणा ना! उजाडलं की "आई, भूक! आई, भूक!" असा जो गजर सुरू व्हायचा, तो अंधार पडेपर्यंत. यजमान ढोलीच्या तोंडाशी बसून सापावर लक्ष ठेवत. हे काम बसून करायचं असल्यामुळे त्यांना ते फार छान जमे. बाकीचं सगळं साळुंकीवर.

आता तुम्ही विचाराल, या घराचं पोट चालायचं कशावर? तर बाळांनो, साळुंकीचा स्वतःचा धंदा होता. रानगव्यांच्या अंगाला गोचिडी चिकटतात, ठाऊक आहे ना? रक्त पिऊन पिऊन वाटाण्याएवढ्या फुगतात. शी काय करताय! तुम्हाला शी, पण साळुंकीच्या पिल्लांना तो लाडू होता. गव्याच्या पाठीवर बसून ती गोचिडी टिपायची. गव्याची खाज जायची आणि टिपलेली गोचीड हीच तिची मजुरी. ना घासाघीस, ना रुसवाफुगवा.

तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कळपाचा म्होरक्या, एक थोराड गवा. बोलायचा कमी, फुरफुरायचा जास्त. खाज सुटली की पळसाखाली येऊन उभा राहायचा, साफसफाई झाली की "हं" म्हणायचा आणि चालू लागायचा. मग पुन्हा खाज सुटेपर्यंत त्याचं दर्शन नाही. पिल्लं नव्हती तोवर हे ठीक होतं. आता मात्र गवा आला नाही की घरात रडारड. एकदा तर धाकट्याला ओरडायचंही त्राण उरलं नाही. ते नुसतं चोच उघडून पडून राहिलं.

पळसाच्या सावलीत एक कोल्हा लोळत पडलेला असे. त्याने जन्मात कुठला धंदा केला नव्हता, म्हणून त्याला सगळ्या धंद्यांतलं कळत असे.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुम्हाला धंदा जमत नाही."

"का हो कोल्होबा? काम तर मी चोख करते."

"तिथंच तर चुकतं! गिऱ्हाईक ठणठणीत करून घरी पाठवलंत, तर ते परत येईल कशाला? थोड्या गोचिडी मागे ठेवत जा. बियाण्यापुरत्या. त्या वाढतील, गव्याला खाजेल, तो धावत येईल, तुमची पिल्लं जेवतील. सांगा, कुणाचं काय बिघडलं?"

"अहो, पण हे बरं दिसतं का?"

"शेपटीखाली ठेवा वहिनी, मग दिसतंय कुणाला!"

साळुंकीला काही हे पटलं नाही. पण वर ढोलीत धाकटं कण्हत होतं. न पटलेली गोष्ट तिने दुसऱ्याच दिवशी केली.

"झालं?" गव्याने विचारलं.

"झालं दादा, अगदी लख्ख!" असं म्हणताना तिची मान खाली गेली. पण ती बसली होती पाठीवर, गव्याला कशी दिसणार?

आणि गंमत बघा, युक्ती लागू पडली! गवा लगेच परत आला. मग रोज येऊ लागला. पिल्लं गुबगुबीत झाली. यजमान म्हणाले, "मी म्हणतच होतो." त्यांनी यातलं अक्षरही कधी म्हटलेलं नव्हतं. साळुंकीची भीड चेपली. आधी शेपटीखाली, मग मानेच्या वळीत, मग काखेत असं बियाणं वाढत गेलं. गवे बसतात अंगाला अंग लावून. गोचिडींची चैनच झाली. या अंगावरून त्या अंगावर जाता जाता त्यांनी सारा कळप व्यापला.

एका सकाळी साळुंकी बघते तो काय, पळसाखाली ही रांग! सगळा कळप खाजवत उभा. "आधी माझा नंबर!" "अगं मावशी, तू आत्ता आलीस!" "अहो ताई, आवरा की लवकर!" उभ्या उभ्या जो तो पळसाला अंग घासत होता. झाड असं गदगदा हलायचं की यजमान खाली पडायचे, वर जायचे आणि पुन्हा पडायचे.

"याला म्हणतात भरभराट," कोल्हा म्हणाला.

कसली भरभराट! साळुंकीला चोच एकच. तिच्या नाकी नऊ आले. रांग हलेना आणि गव्याला खाज सोसवेना. तो मागे सरकत सरकत ओढ्याच्या काठाला शेपूट घासू लागला. काठ होता भुसभुशीत. तो ढासळला आणि आपला थोराड गवा धपाककन चिखलात!

कळपाने श्वास रोखला. आता म्होरक्या खवळणार! पण म्होरक्याने डोळे मिटले आणि तोंडातून शब्द काढला, "अहाहा!"

मग काय विचारता! सगळा कळप चिखलात. मनसोक्त लोळून ते उन्हात उभे राहिले. चिखल वाळला, त्यांनी दगडांना अंग घासलं आणि चिखलाच्या खपल्यांबरोबर गोचिडी निघाल्या, शेपटीखालच्यासुद्धा. गव्याने त्या टपोऱ्या गोचिडी नीट बघितल्या. मग तो पळसाखाली आला.

"साळुंके, शेपटीखाली एवढ्या निघाल्या. तू तर रोज म्हणायचीस, लख्ख."

गवा फुरफुरलासुद्धा नाही, नुसता निघून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं साळुंकीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पळसाखाली कोणी नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पिल्लं आता वाढली होती आणि भूकही वाढली होती. कोल्हा मात्र तिथंच होता. तो हल्ली लोळत नव्हता, तर चारही पायांनी स्वतःला ओरबाडत होता. रांगेतल्या गव्यांच्या अंगावरून गवतात पडलेल्या गोचिडी कुठे जातील? जो तिथं लोळत होता, त्याच्याच अंगावर.

"वहिनी, जरा कानामागे बघता का हो? डोळ्याला डोळा नाही."

"बघते की. सगळ्या काढू, का बियाण्यापुरत्या ठेवू?"

"सगळ्या! अहो सगळ्या काढा!" कोल्हा असा काही कळवळून ओरडला की साळुंकी चपापली. कळपातला एकेकजण असाच कळवळत असणार, आणि ती वर बसून 'लख्ख' म्हणत होती! तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने कोल्ह्याच्या सगळ्या गोचिडी काढल्या. पिल्लांचं एक जेवण झालं. कोल्हा आभारही न मानता दुसऱ्या झाडाखाली निघून गेला, तिथल्यांना सल्ला द्यायला.

"मी गव्याकडे जाते आणि खरं काय ते सांगते," ती यजमानांना म्हणाली.

"अगं, पायाखाली घेईल तो!"

"घेऊ दे. इथं बसून पिल्लांचे हाल बघवत नाहीत मला."

गवा चिखलात बसला होता. साळुंकी समोरच्या दगडावर उतरली.

"दादा, मी मुद्दाम गोचिडी ठेवत होते. पिल्लं उपाशी होती हे खरं. पण म्हणून तुमचं रक्त आटवायचं, हे वाईटच होतं. चुकलं माझं."

गव्याने चिखलात कूस बदलली. मग म्हणाला, "बरं. पण आता तुझं काय काम? आता चिखल आहे."

ते खरंच होतं. साळुंकी उडणार, एवढ्यात तिला दिसलं की गवा सारखी मान झटकतोय. इतके दिवस धंदा केला, पण एक प्रश्न तिने गिऱ्हाइकाला कधी विचारलाच नव्हता. तो तिने आज विचारला.

"दादा, अजून कुठं खाजतं?"

गव्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. एवढा मोठा म्होरक्या, सांगायचं तरी कसं? शेवटी तो हळूच म्हणाला, "कानात."

चिखल कानात कसा जाणार, आणि गेला तर ऐकू कसं येणार? साळुंकी अर्धीअधिक कानात शिरली. एक गोचीड काढली, दुसरी काढली. सगळ्यात आतली काही केल्या सुटेना. तिने दोन्ही पाय रोवले, सगळा जीव एकवटला आणि ओढली.

"झालं?"

"झालं."

"खरंच?"

"एक जरी राहिली असेल, तर घ्या पायाखाली."

"हं," गवा म्हणाला आणि निघून गेला.

आता काम चोख झालं होतं, म्हणजे गवा इतक्यात काही येणार नव्हता! साळुंकी पळसावर बसून राहिली नाही. पिल्लांसाठी काहीतरी शोधायला ती चरणाऱ्या कळपामागे गेली. बघते तर गव्यांच्या खुरांपुढून टणाटण नाकतोडे उडतायत! ती इतके दिवस झाडावर बसून गिऱ्हाइकाची वाट बघत होती आणि जेवण गिऱ्हाइकाच्या पायांशी उड्या मारत होतं. तिने चोच भरून नाकतोडे घरी नेले. त्या दिवशी पिल्लं कशीबशी निभावली, पण तीन वाढत्या पोटांना तेवढं पुरणार नव्हतं.

आणि मग एका सकाळी गवा पळसाखाली येऊन उभा राहिला. साळुंकी झटकन खालच्या फांदीवर उतरली.

"दादा, राहिली का हो एखादी?"

"नाही."

"मग खाज नसताना कसे आलात?"

गवा बाजूला झाला. त्याच्यामागे एक हरिणी होती, सोबत तिचं पाडस. तिच्यामागे एक सांबर लाजत उभं होतं. त्याच्याही मागे एक रानडुक्कर होतं आणि ते मुळीच लाजत नव्हतं.

"ही मंडळी विचारत होती, कान कुणाकडून साफ करून घेतले," गवा म्हणाला. "म्हटलं, चला, दाखवतो." मग तो हरिणीकडे वळला. "बाई, पाडसाला निर्धास्त पुढे करा. ही एकसुद्धा मागे ठेवत नाही. माझी खात्री आहे."

साळुंकीचे डोळे भरून आले. ज्याला तिने फसवलं होतं, तोच तिच्यासाठी शब्द टाकत होता. तिने पंखाने डोळे पुसले आणि ती पाडसाजवळ गेली.

"सांग बरं बाळा," ती म्हणाली, "कुठं खाजतं?"

तात्पर्य : गिऱ्हाइकाचं दुखणं शिल्लक ठेवून धंदा वाढत नाही. त्याची अडचण विचारावी आणि काम पुरतं करून द्यावं. समाधान झालेलं गिऱ्हाईक परत येतं तेव्हा एकटं येत नाही.