निरपराध प्रथिन

एका गावाबाहेर जनावरांच्या रोगांची एक प्रयोगशाळा होती. तिथे सुलक्षणा केळुसकर नावाची संशोधिका काम करी. त्या भागातल्या शेळ्या एका रोगाने गाभडत होत्या; दिवस भरण्याआधीच करडे मरून पडत. रोगाचा जंतू मोठा लबाड. ज्या पेशी त्याला गिळायला येत, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटी. हे त्याला कोणत्या प्रथिनामुळे साधते, ते सुलक्षणा शोधत होती. ते प्रथिन काढून जंतू निरुपद्रवी झाला, तर त्याचीच लस करता येणार होती.

एकेक प्रथिन काढून ती जंतूला पेशीत सोडी. अखेर एक प्रथिन काढल्यावर जंतू पेशीत मेला. संचालक दिघे यांनी लगेच लस करवली आणि टोचणीचा समारंभही ठरवला.

पण या कामाची एक रीत आहे. काढलेले प्रथिन जंतूला परत द्यायचे. तो पुन्हा जगला, तरच ते प्रथिन दोषी. सुलक्षणाने ते परत दिले. जंतू तरीही मेला.

"साहेब, हे प्रथिन निरपराध आहे. ते काढताना जंतूत दुसरंच काही बिघडलंय."

"मेला ना? मग झालं. लग्न लागल्यावर कोणी पत्रिका जुळवतं का?"

"तो का मेला हे ठाऊक नाही. बिघडलेलं आपोआप सुधारलं, तर शेळीच्या अंगात तो पुन्हा उठेल."

"तेव्हाचं तेव्हा पाहू. शोधाला नाव तुमचंच आहे, बाई."

नाव तिलाही हवे होते. उमेदीची सारी वर्षे तिने त्यातच घातली होती. ती गप्प राहिली.

समारंभाच्या दिवशी हौसाबाई हाके आपल्या गाभण शेळ्या घेऊन सर्वांत पुढे उभी होती. "बाई, औंदा तरी करडं जगतील न्हवं?" तिने विचारले.

सुलक्षणा शेळ्यांच्या पुढ्यात आडवी उभी राहिली.

"टोचून घेऊ नका," ती सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "शोध माझा आहे, आणि तो चुकलाय. साहेबांना हे माहीत आहे."

हौसाबाईने दिघ्यांकडे पाहिले. "सायेब, आमच्या शेळ्यांवर शिकाय निघाला व्हता व्हय?" तिने शेळ्या वळवल्या. तिच्यामागे सगळेच निघाले.

"सभेची शोभा घालवलीत," दिघे दात आवळून म्हणाले.

"शोभाच गेली," सुलक्षणा म्हणाली. "यांची करडं गेली असती."

तात्पर्य: आपल्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्याच्या दावणीला पडणार असेल, तर ती कळूनही गप्प बसणे हा भित्रेपणा नव्हे, अपराध आहे.