झळाईनं काय मागितलं

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका पोरीचं लग्न लागलं ते पार घाटापलीकडच्या काळ्या मुलखात. पोरीचं नाव हिरू. आई नव्हती. बाप कान्हू, मिठागरात मीठ पिकवायचा. पाठवणीला तो एवढंच म्हणाला, "उन्हाळ्यात येत जा गं. मीठ उन्हाळ्यातच निघतं, मला तेव्हाच हात कमी पडतात." रडायला आलं की तो असलंच काहीतरी बोलायचा.

पाय हलवू नका रे. पडून ऐका.

लग्न झालं तेव्हा पाऊस लागला होता, त्यामुळं तिकडचा उन्हाळा काय असतो ते हिरूला ठाऊकच नव्हतं. फाल्गुनात तिला मुलगा झाला. मग चैत्र आला आणि सासूनं घरातल्या सगळ्यांना बजावलं, "सूर्य डोक्यावर आला की दारं-खिडक्या लावायच्या. पडदे ओले करायचे. बाहेरून झळाई हाक मारते, तिला ओ द्यायची नाही."

हिरूला वाटलं, ही माणसं खुळीच आहेत. तिच्या माहेरी उकडायला लागलं की बाप आधी दारं उघडायचा. वारा आत आला, घाम वाळला, की जीव थंड. आणि इथं वारा सुटलाय तर हे कड्या लावून अंधारात बसलेत!

पहिल्या दिवशी सासूचा डोळा लागला. खिडकीबाहेरून हाक आली, "हिरू, उघड. वारा आलाय." अगदी माहेरच्यासारखी हाक. मग तिनं बोटभर फट उघडली. फूं करून काहीतरी आत आलं आणि गेलं. बघते तर काय, भरलेला माठ तळापर्यंत कोरडा.

तिनं गुपचूप विहिरीवरून पाणी आणून ओतलं. सासूनं विचारलं, "खिडकी कुणी उघडली होती का गं?"

"नाही, आत्याबाई."

खोटं बोलली, बरं का. तिथंच खरं सांगितलं असतं तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. तिनं वीतभर उघडली. संध्याकाळी ती शेळीची धार काढायला बसली तर आचळं चिंध्यांसारखी लोंबत होती. सासूनं पुन्हा विचारलं. हिरू पुन्हा नाही म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पोर उकाड्यानं रडत होतं. थांबेचना. हिरूला वाटलं, माझं पोर आहे, माझ्यासारखंच असणार, याला वाराच हवा. मग तिनं खिडकी सताड उघडली.

रडणं थांबलं. ती खूश झाली. वळून बघितलं तर पोर पाचोळ्यासारखं हलकं झालं होतं. डोळे उघडे, ओठ भेगाळलेले, आवाज नाही.

मग हिरू त्या वाऱ्यामागं अनवाणी धावली. भेगा पडलेल्या रानातून, भर दुपारी, पोर पदरात धरून. एका निष्पर्ण बोरीखाली एक उंच, वाळकी म्हातारी बसली होती. तिला पापण्या नव्हत्या. तीच झळाई.

"माझं पोर दे," हिरू म्हणाली.

"मी चोरलं नाही. तीनदा तूच उघडलंस. इथल्या बायका मला शिव्या देतात. तू एकटीच 'ये' म्हणालीस."

हिरूनं पायातले चांदीचे वाळे काढून दिले. म्हातारीनं हात लावला, ते तापून लाल झाले. हिरूनं आपले केस देऊ केले. म्हातारीनं फुंकलं, त्यांचा भुगा झाला.

"मग काय घेशील?"

"तुझ्या अंगात खारं पाणी आहे. लहानपणापासून मुरलेलं. ते सगळं दे."

"घे," हिरू म्हणाली. विचार केला नाही. कोणती आई करेल?

म्हातारीनं तिच्या कपाळाला तोंड लावलं आणि प्याली. मग पोर रडलं. त्याच्या गालावरून खळाखळा पाणी वाहिलं. पोर जगलं.

त्या दिवसापासून हिरूला घाम म्हणून आला नाही. सूर्य चढला की तीच सगळ्यांच्या आधी कड्या लावायची. सासू म्हणाली, "आता रुळलीस हो."

तिसऱ्या उन्हाळ्यात ती बापाकडं निघाली. घाट उतरताना ओलसर हवा लागली. गाडीतली सगळी घामानं भिजली आणि निवली. हिरूचं अंग तेवढं भट्टीसारखं तापत गेलं. अर्ध्या घाटात ती कोसळली. नवऱ्यानं गाडी मागं वळवली. वळताना तिला खाली मिठाचे पांढरे ढीग दिसले, आणि त्यांच्यामधून फिरणारा, मुंगीएवढा, एक माणूस. हाक मारायला घशात ओल नव्हती.

त्याच साली कान्हू गेला. निरोप आला, बरोबर मिठाची एक पिशवी. आळीतल्या बायका जमून रडल्या. हिरू रडली नाही. "दगड आहे बाई ही," बायका म्हणाल्या. तिच्यात रडायला होतं काय? पण त्यांना कोण सांगणार! तिनंही सांगितलं नाही.

मांडीवरचं पोर मात्र, त्याला आजा ठाऊकही नव्हता, ते रडायला लागलं. संध्याकाळपर्यंत रडलं. हिरूनं त्याला गप्प केलं नाही. त्याच्या गालावर बोट फिरवून ते जिभेला लावलं. खारट. बापाच्या आगरातलं मीठ होतं तसं.

मग पोर मोठं झालं, त्याला पोरं झाली, सगळी सुखानं नांदली. हिरूही नांदली म्हणतात. असेल.

चला, कडी लावलीय, पडदे ओले आहेत. बाहेरून कुणीही हाक मारली, माझ्या आवाजात मारली, तरी उठायचं नाही. डोळे मिटा.