झानेत्ताची गुणगुण

फार वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की कोणाच्या पणजोबांनी काय पाहिलं यावर भांडण्यातही आता अर्थ नाही. इटलीच्या उत्तरेला टेकड्या अशा उभ्या आहेत, की द्राक्षं तोडणारा एका हाताने घड धरतो आणि दुसऱ्याने जमीन. तिथे कोल्मार्ता नावाचं गाव होतं.

तिथली वाईन म्हणजे प्रोसेको. पण प्रोसेको म्हटलं की नुसता फेस डोळ्यांपुढे आणू नका. तिच्या तऱ्हा अनेक. एक शांत, बुडबुडा नसलेली. एक मंद, जिभेवर जराशी चुरचुरणारी. एक भरपूर फसफसणारी, तिला जाड काचेचीच बाटली लागते. कुठली कधी भरायची हे चंद्र ठरवायचा. शांत वाईन उतरत्या चंद्रात, म्हणजे आपल्या वद्य पक्षात. फेसाची चढत्या चंद्रात. चंद्र चढला की वाईनही चढते, असं म्हणतात.

एका वर्षी मार्चभर आभाळ भरलेलं राहिलं आणि चंद्र काही दिसेना. गावात नाने नावाचा म्हातारा होता. चंद्र वाढू लागला की त्याचे गुडघे ठणकत, आणि गावाचा त्या गुडघ्यांवर पाद्रीबाबांपेक्षा जास्त विश्वास. त्या वर्षी गुडघे ठणकले नाहीत. नाने म्हणाला, "उतरता आहे. भरा बिनधास्त." गावाने शांत वाईन पातळ बाटल्यांत भरली आणि टेकडीच्या पोटातल्या सामाईक तळघरात रचली. चंद्र मात्र चढता होता. सुनेने चोळलेल्या तेलाने नानेचे गुडघे बरे झाले होते, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

ऊन तापू लागलं तशी वाईन जागी झाली. आतली उरलीसुरली साखर फसफसू लागली आणि काच ताणली गेली. बेपी नावाचा माणूस बाटल्या बघायला आत गेला, पार शेवटच्या भिंतीपर्यंत. तेवढ्यात पहिली बाटली फुटली. तिच्या धक्क्याने दुसरी, दुसरीच्या धक्क्याने पलीकडची. काचा सुऱ्यांसारख्या उडू लागल्या. बेपी कोनाड्यात अंग चोरून बसला. त्याने पाय हलवला की एक फुटायची, खोकला की दोन.

त्याची बायको झानेत्ता धावत आली. तिचा आवाज म्हणजे गावाची दवंडी. तिने या टेकडीवरून नवऱ्याला जेवायला हाक मारली की त्या टेकडीवरचे लोक हात धुवायचे. आयुष्यात ती कधी हळू बोलली नव्हती. आता एक शब्द मोठ्याने गेला तर नवरा जायचा. पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं, रटरटवायचं तांब्याचं पातेलं तिने डोक्यावर पालथं घातलं आणि ती आत शिरली.

आत जाऊन ती गुणगुणू लागली. तान्ह्या पोराला थोपटताना येतो तसा, शब्द नसलेला सूर. असं म्हणतात, की ती ज्या रांगेजवळून गेली त्या रांगेतल्या बाटल्या निवल्या. तिने बेपीला कोनाड्यातून उठवलं, पुढे घातलं आणि दाराकडे हाताने खूण केली. बेपी काचांवरून एकेक पाऊल टाकत उजेडात आला.

झानेत्ता मागोमाग निघाली. पण आता तिला धाप लागली होती; पाऊल उचललं की सूर तुटायचा, आणि सूर तुटला की बाटल्या किणकिणायच्या. ती जागीच उभी राहिली. ती चालायची तर दुसऱ्या कोणीतरी गुणगुणायला हवं होतं. बेपीने तोंड उघडलं, पण भीतीने सूर उमटेना. गावातल्या बायकांनी दारात उभं राहून गाऊन पाहिलं. बाटल्यांना ते आवाज ओळखीचे वाटले नाहीत.

"राहू दे," आतून झानेत्ता म्हणाली, इतकं हळू की लोकांना तो आवाज तिचा वाटेना. "निजल्या की येते."

बेपी उंबऱ्यावर बसून राहिला. थोड्या थोड्या वेळाने विचारायचा, "आहेस ना?"

"आहे," आतून यायचं, आणि पुन्हा गुणगुण.

दोघांसाठी आणलेली भाकरी तशीच परत गेली. कोणी दार वाजवू देईना, चर्चची घंटाही बांधून ठेवली. ईस्टरच्या सकाळी बेपीने विचारलं, "आहेस ना?" उत्तर आलं नाही. गुणगुण मात्र चालूच होती. तो आत धावला. सगळ्या बाटल्या शाबूत, तळाशी पांढरा गाळ निजलेला. तांब्याचं पातेलं जमिनीवर होतं. झानेत्ता नव्हती; गुणगुण बाटल्यांतून येत होती. तिच्या श्वासाचेच बुडबुडे झाले, असं म्हणतात. बेपी त्यानंतर बाटल्यांना कान लावून बसायचा आणि रडायचा.

ती वाईन धड शांत नाही, धड फेसाळ नाही. गढूळ, मंद, गाळासकट प्यायची. कोल्मार्तात ती अजून होते. तिचं बूच तिथे आवाज न करता, हलकेच काढतात. कधी परगावचा पाहुणा हौसेने ते फट्कन उडवतो. मग जेवणाच्या टेबलावर सगळे हातातला घास खाली ठेवतात आणि प्रत्येक जण शेजारच्याला विचारतो, "आहेस ना?" सगळ्यांचं "आहे" येईपर्यंत कोणी ग्लास उचलत नाही.