अप्पांच्या बिघडलेल्या चकल्या

ही गोष्ट खरं तर सांगायची नाही. तसं मला बजावलेलं आहे. कोणी बजावलं, ते पुढे येईलच. पण मनात ठेवून ठेवून माझा गोंधळ वाढतच चालला आहे, आणि लिहून काढलं की गोंधळ कमी होतो असं शाळेत सांगतात. ज्यांच्यापासून ही गोष्ट लपवायची, त्यांना चष्मा सापडेपर्यंत, ही गोष्ट ज्यात छापून येईल ते वर्तमानपत्र रद्दीत गेलेलं असतं. म्हणून धीर करते.

एकदा एक वृद्ध गृहस्थ होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत, आपणही तसंच म्हणू. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनच गोष्टींत मन घातलं होतं: अंगणातली शेवंती आणि दिवाळीच्या चकल्या. चकल्या मूळच्या त्यांच्या पत्नीच्या. त्या गेल्यावर अप्पांनी त्यांचा पितळी सोऱ्या घासूनपुसून स्वतःच्या हातात घेतला, आणि काही वर्षांत आळीत त्यांच्या चकलीला तोड राहिली नाही. म्हणजे एकच राहिली, शेजारच्या कुमुदकाकूंची. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, यावर आळीत दर दिवाळीला वाद होई. निकाल लागू नये अशीच सगळ्यांची इच्छा असे, कारण निकालासाठी चकल्या पुन्हा पुन्हा खाव्या लागत.

अप्पांची एक शिष्या होती. शिष्या म्हणजे समोरच्या घरातली शाळकरी मुलगी. सहामाही परीक्षा संपली की ती त्यांच्याकडे येई. आकाशकंदिलाच्या कामट्या तासणं, शेवंतीला आधाराच्या काठ्या बांधणं, भाजणीची डाळ करपू न देता भाजणं, असं ती शिकत असे. ती फारशी बोलत नसे. बघत मात्र असे.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी कुमुदकाकूंचे यजमान गेले. काकू बोलेनाशा झाल्या. कोणी पुढ्यात ताट ठेवलं तर दोन घास खात, नाही तर तशाच ओसरीवर बसून राहत. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. तो येऊन म्हणाला, “आई, दिवाळी झाली की तू माझ्याकडे चल. घराला कुलूप लावू.” काकू हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मुलानं बाहेरच्या खोलीत एक ट्रंक आणून ठेवली आणि तिच्यात त्यांची लुगडी भरायला सुरुवातही केली. ज्या घरात काकू सून म्हणून आल्या, जिथे त्यांनी हातानं लावलेला प्राजक्त कौलांच्या वर गेला होता, ते घर आता बंद होणार, हे सगळ्यांना कळून चुकलं.

आपल्याकडे दुःखाच्या घरी त्या वर्षी सणाची कढई चढत नाही. फराळ शेजारीपाजारी नेऊन देतात. त्यामुळे वसुबारसेच्या आधीपासूनच काकूंकडे डबे येऊ लागले. डबा देणारी प्रत्येक बाई हळू आवाजात म्हणे, “काकू, काही लागलं तर सांगा हं.” काकू मान हलवत. डबे कोनाड्यात एकावर एक चढत गेले. एकाचंही झाकण उघडलं गेलं नाही.

शिष्येला वाटलं, आता अप्पांचा डबा गेला की काकू नक्की उघडतील. अप्पांची चकली ती!

त्या दिवशी अप्पांनी उकड काढली, पीठ मळलं, सोऱ्यात भरलं. सगळं नेहमीसारखं. मग त्यांनी कढईखालची आच एकदम मोठी केली.

“अप्पा, आच मोठी आहे,” शिष्या म्हणाली.

“असू दे.”

चकल्या बाहेरून लालबुंद झाल्या आणि आतून कच्च्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्या मऊ पडल्या, धरून ओढल्या तर ताणल्या जाव्यात अशा. अप्पांनी त्याच चकल्या डब्यात भरल्या. “कुमुदला देऊन ये. म्हणावं, मऊ का पडल्या ते कळत नाही, जरा सांगा.”

शिष्या डबा घेऊन गेली. निरोप सांगताना तिचे कान तापले. दुःखाच्या घरी असली चकली न्यायची! काकूंनी झाकण उघडलं, एकदा आत पाहिलं, आणि पुन्हा लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पिठात मोहन घातलंच नाही. शिष्येनं तेलाचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं, तर त्यांनी ते हळूच मागे सारलं. चकल्या अशा झाल्या की ताटात टाकल्यावर खणखणल्या. त्याही काकूंकडे गेल्या. “म्हणावं, आज कडक झाल्या. असं का व्हावं?”

दोन्ही घरांच्या मधे असलेल्या किराणा दुकानाच्या पायरीवर दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, आणि दुकानदारानंही.

“अगं बाई, अप्पांचा हात गेला म्हणायचा!”

“वय झालं हो. कधी तरी व्हायचंच.”

“अप्पांना सांग,” दुकानदार म्हणाला, “आमच्याकडे भाजणीचं तयार पाकीट मिळतं. वर कृती छापलेली असते.”

सगळे हसले. शिष्येनं परत येऊन हे अप्पांना सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. ते अंगणात शेवंतीच्या काठ्या नीट करत होते. त्यांचे कान लाल झालेले तिनं पाहिले.

शिष्येला काहीच उमगेना. अप्पा विसरू लागले म्हणावं, तर शेवंतीच्या कोणत्या रोपाला किती कळ्या आल्या ते त्यांना तोंडपाठ. चेष्टा करतात म्हणावं, तर अप्पा कोणाची चेष्टा करणारे नव्हेत, आणि या घराची तर नव्हेतच. तिला रात्रभर वाटत राहिलं की आपण एका भल्या माणसाची नाचक्की आळीभर मिरवत आहोत.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी मोहन दुप्पट घातलं. चकल्या तेलात सोडल्या आणि सुटल्या. कढईत नुसता भुगा तरंगू लागला. अप्पांनी तो झाऱ्यानं गोळा करून डब्यात भरला.

“हासुद्धा न्यायचा?” शिष्येच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हाच न्यायचा आहे,” अप्पा म्हणाले.

काकूंनी डबा उघडला. बराच वेळ त्या भुग्याकडे पाहत राहिल्या. मग एक चिमूट जिभेवर ठेवली आणि उठल्या. आत जाऊन स्वतःचा सोऱ्या घेऊन आल्या, पदर खोचला, आणि शिष्येच्या पुढे होऊन तरातरा अप्पांच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

“अप्पा, चकली म्हणतात याला?”

“काय करू कुमुद, सुटतातच तेलात.”

“मोहन किती घातलंत?”

“अंदाजानं.”

“तुमच्या अंदाजाला आग लागो! सरका बाजूला. आणि तो गॅस लहान करा आधी. अगं ए, तू बघत काय उभी राहिलीस? परात दे.”

“पण कुमुद, तुला यंदा कढई...” अप्पा भीत भीत म्हणाले.

“माझ्या घरी चढवायची नाही. तुमच्या घरीही चढवायची नाही, असं कोणी सांगितलेलं नाही मला.”

इतके महिने न बोललेलं सगळं जणू त्या एका दुपारी बाहेर पडलं. अप्पांना त्यांनी इतकं बोलून घेतलं की शिष्येला हसू आवरेना. पहिला घाणा निघाला तेव्हा मीठ बरोबर आहे का हे पाहायला म्हणून त्यांनी अर्धी चकली खाल्ली. मग उरलेली अर्धी. मग आणखी एक.

त्या गेल्यावर शिष्येनं विचारलं, “अप्पा, तुम्हाला चकली येते. मग असं का केलंत?”

अप्पा हात पुसत म्हणाले, “पोरी, त्या घरी देणाऱ्यांची रीघ लागली होती. सगळे म्हणाले, काही लागलं तर सांगा. पण जो नुसता घेतच राहतो, त्याला हळूहळू वाटू लागतं की आपलं आता इथे काही काम उरलेलं नाही. तिच्यापाशी जे होतं ते तिच्याकडे कोणी मागितलंच नाही. आणि मागायचं तर अडलेल्या माणसानं मागावं लागतं.”

“पण तुम्ही कुठे अडला होता?”

“म्हणून तर अडावं लागलं,” अप्पा म्हणाले. “आता हे तिला कधी सांगू नकोस. आपली कीव केली असं वाटलं तर सगळं फुकट जाईल.”

भाऊबीजेनंतर काकूंचा मुलगा ट्रंक न्यायला आला. काकू त्याला म्हणाल्या, “अरे, शेजारी म्हाताऱ्या माणसाला एक साधी चकली येईना. त्यांना असं टाकून मी कुठे येऊ?” ट्रंक रिकामी झाली. आता तिच्यात गोधड्या असतात.

इथे दृष्टांत संपायला हवा होता. अप्पांनी अर्थही सांगितला होता आणि शिष्येला तो पटलाही होता. पण पुढच्या वर्षीचा शरद आला आणि तिचा सगळा गोंधळ पुन्हा सुरू झाला.

त्याच्या आधी, श्रावणात, अप्पा न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. पाय जुळून आला, प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले चाला. अप्पा चालेनात. “आता आपलं झालं,” एवढंच म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहत. शेवंतीत गवत माजलं. शिष्येनं कामट्या आणून ठेवल्या, त्यांना त्यांनी हातही लावला नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन देखभालीसाठी परगावाहून आलेल्या अप्पांच्या सुनेला सांगितलं की असेच पडून राहिले तर पाय कायमचा जाईल.

आळीतून पेज आली, सूप आलं, फळं आली. “अप्पा, काही लागलं तर सांगा,” सगळे म्हणाले.

एक दिवस शिष्येनं एक विचित्र दृश्य पाहिलं. कुमुदकाकूंनी आपल्या वाफ्यातलं शेवंतीचं उत्तम, कळ्यांनी भरलेलं रोप काढून कुंडीत लावलं, ती कुंडी अंगणात भर उन्हातल्या फरशीवर ठेवली आणि पाणी घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऑक्टोबरचं ऊन ते! पानं माना टाकू लागली तशी काकूंनी शिष्येला हाक मारली.

“अप्पांना सांग, काकूंची शेवंती सुकत चालली आहे. काय करावं कळत नाही म्हणावं. कुंडी हलवायची सोय नाही, जड आहे.”

“पण काकू, तुम्ही तर पाणीच...”

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. “त्यांना सांगायचं नाही हं.”

शिष्येनं धीर करून विचारलं, “काकू, मागच्या वर्षीच्या त्या चकल्या...”

काकू हसल्या. “पहिल्या दिवशी वाटलं, म्हातारपण. दुसऱ्या दिवशी वाटलं, तब्येत बरी नसेल. तिसऱ्या दिवशी समजलं. अगं, हात गेलेला माणूस एकच चूक पुन्हा पुन्हा करतो. एवढ्या निरनिराळ्या चुका करायला हात शाबूत लागतो.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग तुम्ही आलात कशाला?”

काकूंनी सुकलेलं एक पान खुडलं. “ज्या चकलीवर त्यांची एवढी कीर्ती, तिचं त्यांनी आळीभर हसू करून घेतलं. दुकानदारसुद्धा हसला. माझ्यासाठी कोणी एवढी लाज पत्करली आणि मी बसून राहू?”

शिष्या निरोप घेऊन गेली. अप्पा भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, “पाणी किती घालते?”

“अंदाजानं,” शिष्या म्हणाली. ते कसं सुचलं, तिला ठाऊक नाही.

“तिचा अंदाज! माझी काठी कुठे आहे?”

अप्पांना काकूंच्या अंगणापर्यंत पोचायला पुष्कळ वेळ लागला. तीनदा ते टेकायला थांबले, तीनदा पुन्हा उठले. कुंडीपाशी पोचल्यावर त्यांनी मातीत बोट खुपसलं. मग वाफ्याकडे नजर टाकली. तिथे बाकीची शेवंती हिरवीगार डुलत होती आणि एका जागी ताजा खड्डा होता. अप्पांनी खड्डा पाहिला. काकूंनी त्यांना तो पाहताना पाहिलं. मग अप्पांनी काकूंना इतकं बोलून घेतलं, “झाडाला पाणी घालायची अक्कल नाही आणि म्हणे बाग करते,” की आळीतले लोक दारात आले. काकू खाली मान घालून ऐकत होत्या, पदराआड हसत होत्या.

परतताना अप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबले. हो, माझ्याच, आता लपवण्यात अर्थ नाही. म्हणाले, “पोरी, खड्डा दिसला मला, हे कुमुदला सांगू नकोस.”

म्हणजे आता दोघांनाही सगळं माहीत आहे, आणि सांगायचं मात्र कोणीच कोणाला नाही. अप्पांनी सांगितलेला अर्थ खरा, की काकूंनी सांगितलेला? अडलेल्याला उठवतं ते त्याच्याकडे मागणं, की त्याच्यासाठी कोणी तरी मुद्दाम अडलं आहे हे त्याला कळणं? मी पुष्कळ विचार केला. अप्पा आता रोज काठी घेऊन कुंडी पाहायला जातात, कामट्याही तासायला घेतल्या आहेत. काकूंनी यंदा स्वतःच्या घरी कढई चढवली आहे, मी त्यांच्याच ओसरीवर बसून हे लिहिते आहे, आणि मला आता असं वाटू लागलं आहे की खरा अर्थ बहुधा

“शरयू! अगं, उठ जरा! पीठ बिघडलं वाटतं माझं, पळत जा आणि अप्पांना बोलावून आण!”

आले, काकू! पण ती परात तर मी आत्ताच पाहिली होती, पीठ अगदी