पुढच्या रांगेतले आसन

पूर्वी कुसुंभी नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कांबळ्यांचा व्यापार करणाऱ्या कुळात जन्मले आणि पुढे पित्याच्या पेढीवर बसू लागले. त्या नगरीची एक रीत होती. दर पौर्णिमेला संध्याकाळी राजाच्या मंडपात धर्मकथा होई आणि जो तो आपले आसन घरून आणी. ज्याचे आसन भारी तो पुढे, ज्याची चटई तो मागे. कथा धर्माची खरी, पण निम्मे डोळे शेजाऱ्याच्या बुडाखाली काय आहे तिकडेच असत.

पूर्णक चटया विणून पोट भरी. मागच्या रांगेत म्हाताऱ्या आईशेजारी बसून तो पुढच्या लाल गांधारी कांबळ्यांकडे बघत राही. वडील जन्मभर मागे बसले आणि तसेच गेले, हे त्याच्या मनाला लागून राहिले होते. एकदा तरी तिथे बसावे, लोकांनी मान वळवून आपल्याकडे बघावे, या ध्यासाने त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो कांबळ्याच्या बदल्यात देण्यासाठी आपली एकुलती एक गाय घेऊन बोधिसत्त्वांच्या पेढीसमोर उभा राहिला.

गाय दुभती होती, सौदा फायद्याचा होता. बोधिसत्त्वांनी एवढेच विचारले, की हिच्या दुधावर घरात कोण आहे. दात गेलेली आई आहे, असे पूर्णकाने खालमानेने सांगितले.

"कांबळं घेऊन जा आणि गाय घरी ने," बोधिसत्त्व म्हणाले. "कथा ऐकून ये. तेव्हाही हवंसं वाटलं, तर मग गाय आण."

पूर्णक पुढे बसला. लोकांनी मान वळवून पाहिलेही; पण त्याच्याकडे नाही, कांबळ्याकडे. शेजारचे आपापल्या आसनावर दिव्याचे तेल सांडेल या धास्तीने अंग चोरून बसले होते. कोणी कोणाशी बोलेना. मागून लाह्या खात हसणाऱ्यांचा आवाज आला आणि त्यात आईचे हसू त्याला ओळखू आले. आज ती चटई त्याला फार दूर वाटली. जीव तळमळला, पण सगळ्यांदेखत उठायचे कसे?

कथा संपताच तो मागे धावला. आईला दिसत नसे. तिने अर्धी चटई मोकळी ठेवली होती आणि तिथे लाह्यांचा लहानसा ढीग होता.

"आई, मी पुढे बसतो म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस रे. पण तू मागे कधी येशील ते मला कुठं दिसणार? म्हणून तुझा वाटा काढत गेले."

पूर्णक तिथेच बसला आणि मंडप रिकामा होईपर्यंत त्याने त्या लाह्या खाल्ल्या. मग त्याने कांबळे परत केले.

चटईवाला बसला ते कांबळे आता कोण घेणार, म्हणून पुढच्या रांगेने बोधिसत्त्वांच्या पेढीकडे पाठ फिरवली. बोधिसत्त्वांनी पूर्णकाकडून एक चटई विकत घेतली आणि पुढच्या पौर्णिमेला ते मायलेकांशेजारी येऊन बसले.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या एका तरुण भिक्षूकडे पाहत म्हणाले, "भिक्षूंनो, उंची चीवरासाठी, अंगावरच्या भारी वस्त्रासाठी झुरणारा हा तरुण भिक्षू म्हणजे त्या वेळचा पूर्णक. तो व्यापारी मीच होतो. लाभ हाती आलेला असताना त्या व्यापाऱ्याने तो सोडला, ही त्याची करुणा. आणि ती आई याही जन्मी याचीच आई आहे. विहाराच्या दाराशी ती सकाळपासून याच्या वाट्याचा घास घेऊन उभी आहे."